फादर एक, चर्च दोन
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

धर्मगुरू कमी पडू लागल्यामुळे शेजारच्या धर्मग्रामांनी (म्हणजे पॅरिशनी, एकेका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समूहांनी) एकत्र काम करणे ही युरोप-अमेरिकेत आता रोजची गोष्ट झाली आहे. तिकडे राहणाऱ्या आणि ज्यांची मुले तिकडे आहेत अशा वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

माझी मुलगी अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. तिचे चर्च आणि शेजारच्या गावातले चर्च मिळून ‘कोलॅबरेटिव्ह’ झाले आहे. दोन्हीकडे प्रमुख धर्मगुरू एकच. म्हणजे तिचा धर्मग्राम बरखास्त झाला का? (वाचक, वसई)

नाही. एका प्रमुख धर्मगुरूकडे एकच धर्मग्राम असावा असा कॅनन ५२६चा (कॅनन म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याचे कलम) सर्वसाधारण नियम आहे. पण धर्मगुरूंची टंचाई असेल तर शेजारचे अनेक धर्मग्राम एकाच धर्मगुरूकडे सोपवता येतात, अशी मुभाही तिथेच दिलेली आहे. रीतसर स्थापन झालेल्या धर्मग्रामाला कायद्याच्या दृष्टीने स्वतःचे अस्तित्व असते. ते मिटवायचे तर बिशपांना आधी धर्मगुरू परिषदेचा सल्ला घ्यावा लागतो आणि मग लेखी हुकूम काढावा लागतो. तसा हुकूम निघेपर्यंत धर्मग्रामाचे नाव, मालमत्ता, पैसा आणि नोंदवह्या त्याच्याच राहतात. मुलीला एवढेच विचारायला सांगा: “विलीनीकरणाचा हुकूम निघालाय, की फक्त नेमणुकीचे पत्र आलेय?” बहुतेक वेळा नेमणुकीचेच पत्र असते.

बोस्टनने ही वाट का धरली, हेही पाहण्यासारखे आहे. २००४ साली तिथल्या आर्चडायोसीसने (आर्चबिशपांच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताने) ६५ धर्मग्राम बंद करण्याची घोषणा केली. लोक चर्चमध्येच ठाण मांडून बसले. सिच्युएट गावातले सेंट फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी चर्च भाविकांनी पाळ्या लावून ११ वर्षांहून अधिक काळ अडवून धरले, ते थेट २०१६ पर्यंत. दरम्यान, २०१२ साली मंजूर झालेल्या ‘डिसायपल्स इन मिशन’ योजनेत बंद करण्याऐवजी गट करण्याचा मार्ग घेतला गेला: २८८ धर्मग्रामांचे सुमारे १३५ गट. मुळातली अडचण साध्या आकड्यांत दिसते. अमेरिकेत १९६५ साली सुमारे ५९ हजार धर्मगुरू होते, अलीकडे ते ३५ हजारांच्या आसपास आले आहेत आणि त्यांतले बरेच वयस्कर आहेत.

आमच्या गटात तीन चर्च, दोन फादर आणि शनिवार-रविवार मिळून आठ मिस्सा (ख्रिस्तप्रसादाच्या उपासना) आहेत. प्रत्येक जण म्हणतो, आमच्या मिस्साला हात लावू नका. वेळापत्रक बसवायचे कसे? (वाचक, न्यू जर्सी)

आधी माणसांच्या भावनांपासून नव्हे, फादरांच्या संख्येपासून सुरुवात करा. कॅनन ९०५प्रमाणे धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करायची असते. धर्मगुरू कमी असतील तर बिशप दोनची परवानगी देऊ शकतात, आणि गरज असेल तर रविवारी व पाळावयाच्या सणांना तीनची. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने भाविकांची रविवारी मिस्साला जाण्याची जबाबदारी पुरी होते, पण फादरांच्या हिशेबात ती शनिवारचीच. म्हणजे झेपेल असे प्रमाण असे: प्रत्येक फादरांमागे शनिवारी १ आणि रविवारी २. दोन फादर म्हणजे सहा. तुमच्याकडे आठ आहेत, तेव्हा दोन जाणार. रविवारची तिसरी मिस्सा राखीव ठेवा. ती पहिल्याच दिवशी वेळापत्रकात खर्ची घातली, तर आजारपणात हातात काहीच उरत नाही.

दुसरी कसोटी: एक फादर नसतील तेव्हा हेच वेळापत्रक चालते का? कॅनन ५३३प्रमाणे प्रमुख धर्मगुरूला वर्षाकाठी महिनाभराची सुट्टी घेता येते, वार्षिक तपसाधना वेगळी. तेव्हा एकट्या फादरांना शनिवारी १ आणि रविवारी ३ अशा चारच मिस्सा करता येतात. सहापैकी कुठल्या दोन त्या दिवसांत होणार नाहीत, ते आधीच ठरवा आणि वेळापत्रकातच खूण करून छापा. हे न केल्यामुळे ऑगस्टमध्ये दर आठवड्याला नवा घोळ होतो आणि लोक कुलूपबंद दारापाशी येऊन परत जातात.

कुठल्या मिस्सा ठेवायच्या यासाठी मोजणी करा. ऑक्टोबरमधले चार रविवार घ्या. अमेरिकेतले अनेक धर्मप्रांत याच महिन्यात मोजतात, कारण सुट्ट्या संपलेल्या असतात आणि नाताळची गर्दी अजून लांब असते. प्रवचन संपल्यावर मोजा. सुरुवातीला मोजले तर उशिरा येणारे सुटतात. बसण्याच्या जागा काढताना बाकावर माणशी दीड फूट धरा आणि एकूण जागांच्या ८० टक्के भरले की चर्च भरले असे समजा. समजा, ५०० जागांच्या चर्चमध्ये १४० लोक येतात आणि तीन मैलांवरच्या ३५० जागांच्या चर्चमध्ये त्याच सुमाराला ११० येतात. दोन्ही मिस्सा एक केल्या तर कागदावर २५० होतात. प्रत्यक्षात तेवढे येणार नाहीत. गाडी न चालवणारे म्हातारे गळतात, रुसलेले तिसरीकडे जातात. म्हणून मोजणीबरोबर लिफ्टची यादीही करा: कोणाला न्यायचे, कोण नेणार, फोन नंबर.

आता दोन मिस्सांमधले अंतर. बहुतेक वेळापत्रके इथेच फसतात. ९ आणि १०.३० असे लिहिलेले छान दिसते. हिशेब करा: मिस्सा ६० मिनिटे, दारात लोकांशी बोलणे १५, झगा बदलून निघणे ५, रस्ता १५, गाडी लावणे आणि पुढची तयारी १५. झाली ११० मिनिटे. तेव्हा एकाच फादरांच्या, वेगवेगळ्या चर्चमधल्या दोन मिस्सांच्या सुरुवातींत निदान दोन तास हवेत. बर्फाच्या प्रदेशात किंवा मध्ये कुमसार (पापांची कबुली) ऐकायचे असेल तर अडीच. यातली कात्री हमखास दारातल्या पंधरा मिनिटांना लागते. मग तक्रार येते, “फादर आमच्याकडे थांबतच नाहीत.” त्या पंधरा मिनिटांत एखादी आजारी सासू, एखादे मोडू पाहणारे लग्न फादरांच्या कानावर जात असते. ती वेळ शेवटपर्यंत वाचवा.

फादर दर आठवड्याला आळीपाळीने बदलावेत की ठरलेले? आमचे मत पाळीच्या बाजूने आहे. ‘तुमचे फादर, आमचे फादर’ अशी वाटणी झाली की गट नावापुरता उरतो. मिस्साच्या वेळा मात्र पाळीने बदलू नका. “पहिल्या-तिसऱ्या रविवारी ८ला, दुसऱ्या-चौथ्याला १०ला” हे कोणाच्याही लक्षात राहत नाही, आणि पाचवा रविवार आला की सगळेच चुकतात.

पास्काच्या (ईस्टरच्या) पवित्र त्रिदिवसाचा, म्हणजे पवित्र गुरुवारपासून ईस्टरपर्यंतच्या दिवसांचा, विचार वेगळा करा. पास्काचे जागरण (ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना) अंधार पडल्यावरच सुरू करायचे असते, त्यामुळे एका फादरांना दोन ठिकाणी ते करणे सहसा जमत नाही. लहान समूहांनी अशा वेळी मोठ्या चर्चमध्ये एकत्र यावे, असे व्हॅटिकनच्या १९८८च्या परिपत्रकात सुचवलेले आहे. एका चर्चमध्ये पवित्र गुरुवार, दुसऱ्यात जागरण असे वाटून घ्या आणि दर वर्षी फिरवा. दोन्हीकडचे गायकवृंद एकत्र आणायचे तर तालमी चाळिशीच्या काळाच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) सुरुवातीलाच लावा. ‘आल्लेलुया’ची चाल दोन्हीकडे वेगळी असते, आणि भांडण नेमके तिथेच होते.

दोन बारीक नियम. एकाच दिवशी दोन-तीन मिस्सा करणाऱ्या फादरांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या मिस्सापूर्वी ख्रिस्तप्रसादाआधीचा तासाभराचा उपास पाळला नाही तरी चालतो. त्यांना चहा-बिस्किटे द्या, कचरू नका. आणि दिवसाच्या अनेक मिस्सांपैकी नाताळ सोडून एकाच मिस्सासाठी भाविकांनी दिलेले दान फादर स्वतःकडे ठेवू शकतात. बाकीचे बिशपांनी ठरवलेल्या कामाला जाते. ‘तीन मिस्सा, तीन कमाया’ ही कुजबुज चुकीची आहे.

नवे वेळापत्रक सप्टेंबरमध्ये सुरू करा, म्हणजे ऑक्टोबरची मोजणी लगेच खरेखोटे सांगेल.

फादर आलेच नाहीत तर रविवारची प्रार्थना कोण घेऊ शकते? (वाचक, नालासोपारा)

डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) असतील तर ते. नसतील तर नेमून दिलेली प्रापंचिक व्यक्ती किंवा धर्मभगिनी. वाचने, प्रार्थना आणि आधीच्या मिस्सात पवित्र केलेला ख्रिस्तप्रसाद देता येतो. कृपाप्रार्थना (मिस्सातली धर्मगुरूंची मुख्य प्रार्थना) म्हणायची नाही आणि धर्मगुरूंच्या मुख्य आसनावर बसायचे नाही. प्रवचन धर्मगुरू किंवा डीकनचेच. प्रापंचिक व्यक्तीने फादरांनी लिहून दिलेले वाचावे. जवळपास मिस्सा मिळत असेल, तर अशी सभा न घेता लोकांना तिकडे न्यायचे. त्याच दिवशी त्या चर्चमध्ये मिस्सा होणार असेल, तर ही सभा मुळीच घ्यायची नाही.

डीकन बाप्तिस्मा देऊ शकतात, अधिकार दिलेला असेल तर विवाह लावू शकतात, मिस्साविना अंत्यविधी करू शकतात. कुमसार ऐकणे आणि रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) ही कामे मात्र फक्त धर्मगुरूंची. म्हणून गटाने पहिल्या आठवड्यातच एक तातडीचा फोन नंबर सुरू करावा आणि त्याची साप्ताहिक पाळी ठरवावी. त्या पाळीत शेजारच्या गटातले फादरही घ्या. चर्चच्या ऑफिसात फोन वाजत राहणे आणि आत कोणीच नसणे, याइतका राग वेळापत्रकाचाही येत नाही.

पैशाचे काय? आमच्या चर्चची शिल्लक चांगली आहे, शेजारच्यांवर कर्ज आहे. (वाचक, कॅनडा)

शिल्लक तुमचीच राहते आणि कर्ज त्यांचेच. कॅनन ५३७प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला स्वतःची अर्थसमिती हवी. गट झाला म्हणून ती विसर्जित करू नका. वाटून घ्यायचा असतो तो सामायिक खर्च: फादरांचे मानधन, सेक्रेटरी, धर्मशिक्षणाचा समन्वयक, छपाई, गाडीचे तेल. छपराची दुरुस्ती, हीटिंग, विमा ज्याचे त्याने बघायचे.

वाटणीचे प्रमाण मिस्साच्या सरासरी उपस्थितीवर किंवा रविवारच्या वर्गणीच्या तीन वर्षांच्या सरासरीवर ठरवा. एकाच वर्षाचा आकडा घेऊ नका. एखाद्या मोठ्या देणगीने तो फुगलेला असतो. समजा सामायिक खर्च महिन्याला १०,००० डॉलर आणि उपस्थिती ६०० व ४००, तर वाटणी ६,००० आणि ४,००० डॉलर. हा करार लेखी असू द्या, दर वर्षी तपासा, आणि एका धर्मग्रामाने दुसऱ्यासाठी आधी भरलेले पैसे तीन महिन्यांत चुकते करा. ही उधारी वर्षभर साचली की तिला ‘मदत’ म्हणावे की ‘येणे’, यावरून दोन्ही अर्थसमित्या जुंपतात. देणगीदाराने ‘ऑर्गनसाठी’ म्हणून दिलेले पैसे ऑर्गनलाच लागले पाहिजेत. फादर एकच असले तरी ते दुसऱ्या चर्चच्या बॉयलरकडे वळवता येत नाहीत.

इतकी कसरत करण्यापेक्षा सगळे धर्मग्राम सरळ एकच का करत नाहीत? (वाचक, पुणे)

जर्मनीतल्या ट्रियर धर्मप्रांताने तसेच ठरवले होते: ८८७ धर्मग्रामांचे ३५. २०१९मध्ये व्हॅटिकनने ती योजना थांबवली. २०२०च्या जुलैमध्ये धर्मगुरूंविषयीच्या व्हॅटिकन विभागाने काढलेल्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटले आहे, की नुसती धर्मगुरूंची टंचाई किंवा पैशाची चणचण हे धर्मग्राम बरखास्त करायला पुरेसे कारण नाही. विलीनीकरण कधीच करू नये असे नाही. पण एकत्र काम करायची सवय नसलेल्या दोन समूहांचा एका हुकमाने एक समूह होत नाही. आधी दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराचे) वर्ग, विवाहपूर्व शिबिर, वेदीसेवकांचे शिक्षण एकत्र करा. यात कोणाचे काही जात नाही. मिस्साला हात सर्वांत शेवटी लावा.

आपल्याकडे अशी वेळ येईल का? (वाचक, नाशिक)

वसईसारख्या जुन्या वस्त्यांना हे नवे वाटेल, पण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), नाशिक, मराठवाड्याच्या खेड्यांना ते नवे नाही. एका फादरांकडे अनेक गावे, मिस्सा कधीमधी, आणि एरवी गावातला धर्मशिक्षक रविवारची प्रार्थना घेणार, अशाच रीतीने तिथली श्रद्धा रुजली. खरे तर या विषयात बोस्टनने आपल्याकडून काही शिकावे.

उलट बाजूही आहे. तिकडची उणीव भरायला भारतातले फादर जातात. दोन्ही बिशपांमध्ये लेखी करार होतो, त्यात मुदत, राहणे, विमा आणि परतीची अट असते. अमेरिकेत धार्मिक कामासाठीच्या आर-१ व्हिसावर सलग जास्तीत जास्त पाच वर्षे मिळतात. त्यामुळे ज्या गटाचे वेळापत्रक अशा फादरांवर उभे आहे, त्याने चौथ्या वर्षीच पुढची सोय बघायला लागावे.

मुलाचे लग्न अशा गटातल्या चर्चमध्ये आहे. कागद कुठून आणायचे? (वाचक, विरार)

बाप्तिस्मा जिथे झाला त्याच धर्मग्रामातून. सहा महिन्यांच्या आत काढलेला नवा दाखला सहसा मागतात. जुना, फ्रेम केलेला चालत नाही, कारण पुढच्या नोंदी त्यावर नसतात. गटातल्या प्रत्येक चर्चची विवाह नोंदवही वेगळी असते. त्यामुळे दाखल्यावर गटाचे नाव नव्हे, ज्या धर्मग्रामात लग्न लागले त्याचे नाव आहे ना, ते तपासा. लग्नानंतर तिथल्या फादरांनी ही खबर तुमच्या इथल्या धर्मग्रामाला कळवायची असते. एकच सेक्रेटरी तीन चर्च सांभाळत असेल तर हे पत्र राहून जाते. महिन्याभराने तुमच्या चर्चच्या ऑफिसात चौकशी करा आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे विवाहाची नोंद झाली आहे का, ते विचारा.