पलटण म्हणजे किती माणसं?

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न: दुसऱ्या महायुद्धावरच्या एका अनुवादित पुस्तकात '३५ जणांची पलटण टेकडीवर चढली' असं वाक्य आहे. घरातली जुनी माणसं मात्र पलटण म्हणजे ८०० शिपाई सांगतात. खरं कोणाचं? आणि रेजिमेंटला पलटण म्हणावं का?

जुन्या माणसांचं खरं. अनुवादकाने मूळ पुस्तकातला 'प्लाटून' पाहिला, कानाला 'पलटण' जवळची वाटली, आणि दिली ठोकून. अशा पुस्तकांत हे इतक्या वेळा दिसतं की आता वर्तमानपत्रंही तेच लिहू लागलीत. पायदळात प्लाटून म्हणजे साधारण ३० ते ३५ माणसं. अशा तीन प्लाटूनांची एक कंपनी, आणि चार रायफल कंपन्या, मुख्यालय नि जड हत्यारांचे गट मिळून बटालियन, म्हणजे सुमारे ८०० माणसं. मराठीतली पलटण ही, बटालियन. प्लाटूनला प्लाटूनच लिहा. नाहीतर पुढच्या पानावर 'पलटणीने अख्खं गाव वेढलं' येतं आणि ३५ माणसांनी गाव कसं वेढलं, या विचारात वाचक अडकतो.

आपल्याकडे तर ही चूक व्हायलाच नको. बेळगावात मराठा सेंटर आहे, खानापूर-चिकोडीकडच्या गावांत घरटी कोणी ना कोणी लष्करात गेलेला. 'कुठल्या पलटणीत?' असं विचारलं की प्लाटूनचा नंबर कोणी सांगत नाही. उत्तर येतं 'जंगी पलटण' नाहीतर 'काली पाचवी'. जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १७६८ ची. काली पाचवी म्हणजे दुसरी. होय, दुसरी. तिला पाचवी का म्हणतात हे कळलं की पुस्तकांतला निम्मा गोंधळ मिटतो.

ती मुळात मुंबई लष्करातली ५ नंबरची पलटण. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरने सगळ्या हिंदी लष्कराला एकच क्रमवारी लावली, तेव्हा मुंबईच्या पायदळाच्या जुन्या नंबरांत १०० मिळवले गेले. ३ ची १०३ झाली, ५ ची १०५, १० ची ११०, १७ ची ११७. पहिल्या महायुद्धाच्या पुस्तकात '११० वी मराठा' दिसली की १०० वजा करा, जुनं नाव हाती येतं. त्या काळी हिंदी पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांत एकच बटालियन असे, त्यामुळे रेजिमेंट म्हणा की पलटण, माणसं तीच. १९२२ मध्ये अनेक जुन्या पलटणी एकेका मोठ्या रेजिमेंटखाली आणल्या, आणि तिथे हे दोन शब्द वेगळे झाले. १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५. हा अपूर्णांक नव्हे! आधी बटालियनचा नंबर, मग रेजिमेंटचा: पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण. 'पाच पलटणींपैकी तीन' असंही भाषांतर छापलेलं दिसतं, त्याला हात जोडावेत.

हीच ३/५ मार्च १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला लढली. जुलै १९४४ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे हिचेच. १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला विमानांतून उतरली. रेजिमेंट बदलली, पलटण तीच राहिली.

आता शब्दाकडे. पलटण फलटण गावावरून आली, हे कृपया कोणी पुन्हा सांगू नये. 'पलटून वार करते ती पलटण' हेही नको. शब्द युरोपातून आला यावर जाणत्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते कुठल्या शब्दावरून आला यावर. हॉब्सन-जॉब्सन हा १८८६ चा नामांकित कोश 'बटालियन'ला पहिला मान देतो आणि प्लाटून किंवा त्याचा मूळ फ्रेंच शब्द 'पेलोतों' यांना 'कदाचित' म्हणून मागे बसवतो. अर्थ बटालियनचा, म्हणून शब्दही बटालियनचा, असा हिशेब. मला तो पटत नाही.

मराठीला 'ब' म्हणता येत नव्हता का? पोर्तुगिजांकडून बटाटा घेतला, तो पटाटा झाला नाही. बाल्दे घेतली, तिची बादली झाली; ल आणि द यांनी जागा बदलल्या, ब जागचा हलला नाही. मग एकट्या बटालियनचाच ब का बिघडावा? वर ट आणि ल यांची अदलाबदलही करायची. उलट 'पेलोतों' किंवा 'प्लाटून' घ्या: प, ल, ट, न, चारही व्यंजनं ओळीने हजर.

बटालियनवाल्यांना ब-चा प हवाच असेल तर तो दक्षिणेत आहे. तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर, म्हणून तिकडे 'पट्टाळम' झालं आणि तेच कन्नडात 'पटालम' होऊन आलं. बेळगावच्या बाजारात दोन्ही ऐकू येतात. कन्नड माणूस टवाळ पोरांच्या टोळक्याला पटालम म्हणतो, मराठी माणूस घरातल्या पोरासोरांना पलटण म्हणतो. अर्थ शेजारी, पण घराणी दोन: पटालम बटालियनची, पलटण पेलोतोंची.

मग लहान तुकडीचं नाव मोठीला कसं चिकटलं? माझा तर्क असा. अठराव्या शतकातली बटालियन गोळीबारासाठी प्लाटूनांत वाटलेली असे आणि प्लाटूनवार बार काढी. कवायतीच्या मैदानावर सारखा ओरडला जाणारा शब्द तो. बघणाऱ्याने तोच उचलून समोरच्या अख्ख्या जमावाला लावला. नावाची अशी वाढ नवी नाही. पोर्तुगीज 'कांपो' म्हणजे मैदान, छावणी; महादजी शिंद्यांच्या फौजेत द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली त्याचा 'कंपू' झाला, म्हणजे अनेक पलटणींची ब्रिगेड. आज कंपू चार टोळभैरवांचाही होतो. आणि फ्रेंचांचा 'पेलोतों' तरी काय? 'पेलोत' म्हणजे दोऱ्याचा गोळा, 'पेलोतों' म्हणजे छोटा गोळा, त्यावरून माणसांचा घोळका. आपण गोळ्यावरून गोळका केला, त्यांनीही तेच केलं.

हॉब्सन-जॉब्सन आणखी एक ठाम विधान करतो: पलटण हा शब्द गोऱ्या फौजेला कधीच लावत नाहीत. त्या कोशकारांच्या कानावर 'गोरी पलटण' पडलीच नाही म्हणायची.

रेजिमेंटचं राहिलंच. १९२२ पूर्वीच्या हिंदी पायदळाबद्दल लिहिताना तिला पलटण म्हटलं तर चालेल. त्यानंतर नाही: मराठा रेजिमेंट म्हणजे अनेक पलटणींचं कूळ, ते एका जागी एकत्र लढत नाही. तोफखाना आणि रणगाडा दलात रेजिमेंट हे लढणारंच दल, आकाराने बटालियनच्या आसपास. तिथे पलटण लिहू नका, रेजिमेंटच ठेवा. अमेरिकन पुस्तकांत पायदळाची रेजिमेंट दुसऱ्या महायुद्धात तीन बटालियनची असे, तिथेही तसंच.