पाण्याखालचं खोटं ‘ओके’

“एकदा पाण्याखाली पॅनिक आलं, म्हणजे ते पुन्हा येणारच का? डायव्हिंग सोडून द्यावं का?” समुद्रापासून इतक्या लांब, नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून बसून हा प्रश्न ऐकावा लागेल असं पूर्वी वाटलं नसतं. पण हल्ली तारकर्लीला पहिली बुडी मारून थेट अंदमान गाठणारे बरेच जण आहेत. त्यांच्यातल्याच एका गृहस्थांची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंबड एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप. डायव्हिंगचं वेड यांचंच, बायकोला जवळजवळ ओढूनच नेलेलं. दोघांकडे १८ मीटरपर्यंतचं ओपन वॉटर सर्टिफिकेट होतं. पुढचा, ३० मीटरपर्यंतचा ॲडव्हान्स्ड कोर्स करायला ते अंदमानातल्या स्वराजद्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला गेले. रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, उंचसखल, मध्ये घळी, आणि त्या दिवशी करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, जोरात. २४ मीटरवर त्यांना वाटलं, हवाच येत नाहीये.

हवा येत होती. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. इन्स्ट्रक्टरने अंगठा-तर्जनी जुळवून विचारलं, ओके? यांनी उत्तरादाखल तीच खूण केली. थोड्या वेळाने पुन्हा ओके. मग बायकोने विचारलं, तेव्हाही ओके. आणि लगेच यांचा हात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारी तोंडातली नळी, उपसायला गेला. बायकोने रेग्युलेटर त्यांच्या तोंडावर दाबून धरला, दुसऱ्या हाताने जॅकेटचा पट्टा पकडला आणि इन्स्ट्रक्टरच्या मदतीने त्यांना सावकाश वर आणलं. वर येताना सुरक्षेसाठी घ्यायचा ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा थांबा, म्हणजे सेफ्टी स्टॉपसुद्धा चुकवला नाही.

घरी आल्यावर लिफ्टमध्ये गुदमरायला लागलं. मुंबईला जाताना इगतपुरीजवळचा समृद्धीचा आठेक किलोमीटरचा बोगदा टाळून ते कसारा घाटातून जायला लागले. कारण विचारलं की म्हणायचे, “टोल वाचतो.” माझ्याकडे आले ते गोळी मागायला, पुढच्या डाइव्हआधी घेता येईल अशी.

गोळी द्यायचा अधिकार मला नाही, आणि असता तरी दिली नसती. गुंगी आणणारं औषध आणि ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनमुळे येणारी धुंदी, दोन्ही एकत्र नकोत. सगळ्यात आधी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. चाळिशी ओलांडलेल्या, बीपी असलेल्या माणसाला पाण्याखाली धाप लागली, तर ती दर वेळी भीतीचीच असते असं नाही. पाण्याच्या दाबाखाली कधी कधी फुप्फुसात पाणी साचतं, त्यातूनही दम लागतो. म्हणून हृदयाची तपासणी आधी, समुपदेशन नंतर. या क्रमावर मी अडून बसते.

रिपोर्ट चांगले आले. मग पाण्याखाली काय घडलं ते त्यांनी आणि मी मिळून उलगडलं. २० मीटरवर दाब जमिनीवरच्या तिप्पट होतो. हवाही तितकीच दाट होते आणि श्वास ओढायला जड जातो. त्यात करंटशी झुंजत हे भराभर, उथळ श्वास घेत होते. अशाने कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही, आणि तो साठला की हवा कमी पडतेय असं शरीर ओरडून सांगतं. अशा वेळी थांबायचं, निर्जीव खडकाचा आधार घ्यायचा (जिवंत प्रवाळाचा नाही), आणि श्वास सावकाश, लांब सोडायचा. घाबरून श्वास रोखून वर उसळी मारली, तर पसरत्या हवेने फुप्फुस फाटू शकतं.

हे त्यांना पटलं. तरी चेहरा उतरलेलाच. तिसऱ्या भेटीत बोलले, “मॅडम, हिने पाहिलं.”

खरी गाठ इथे होती. डायव्हिंगमध्ये अंगठा वर केला की अर्थ ‘छान’ नाही, ‘वर चला’. कुणीही, कधीही, कारण न देता तो दाखवावा आणि सगळ्यांनी निमूट वर यावं, हा नियम त्यांना पाठ होता. पण बायकोसमोर अंगठा दाखवायचा म्हणजे हार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ‘टोल वाचतो’ हेही तसलंच ओके. भीती माणसाला इतकं छळत नाही, जितकं ती लपवण्याचं काम छळतं, असं माझं मत आहे. पुरुषांच्या बाबतीत तर जास्तच.

पुढचं काम रटाळ होतं. बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास, जागच्या जागी धावून मुद्दाम आणलेली धाप, मग पोहण्याच्या तलावात मास्क काढून नुसत्या स्नॉर्कलवर. बोगदा आधी बायको गाडी चालवत असताना, नंतर एकट्याने. तलावात मी त्यांना वेगळाच गृहपाठ दिला होता: काही होत नसतानाही एकदा अंगठा दाखवायचा. पहिल्यांदा दाखवला तेव्हा बायको वर आली आणि तिने एवढंच विचारलं, “चहा?”

पॅनिक पुन्हा येऊ शकतं, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. त्यांनीही डायव्हिंगच्या मेडिकल फॉर्मवर ते खरं लिहायचं कबूल केलंय, मग डॉक्टर काय ठरवायचं ते ठरवतील. बायकोने मात्र पुढच्या हिवाळ्याचं स्वतःचं बुकिंग करून टाकलंय. हे जाणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. मित्रांनी विचारलं तर ते तसंच सांगतात, कारणासकट.