फादरांचा ‘अनुग्रह’ घेतात का?

प्रश्न ऐरोलीहून आलाय. सोसायटीच्या स्मरणिकेसाठी एका ताईंनी शेजारच्या कॅथलिक काकूंवर लेख लिहिला. त्या कळवतात, ‘काका गेल्यावर काकू दर महिन्याला फादरांशी बोलायला जात. मी लिहिलं, त्यांनी फादरांचा अनुग्रह घेतला. काकूंनी वाचलं, हसल्या आणि पेन्सिलीनं खोडलं. आता तिथं काय लिहू? गुरू केला, चालेल?’

नाही चालणार. शब्द तर खटकतोच, क्रियापदही खटकतं. अनुग्रह एकदा घेतला की झाला. एक दिवस, एक गुरू, कानात मंत्र आणि पुढे जन्माचं नातं. म्हणून तर ‘आमच्यावर अमुक महाराजांचा अनुग्रह आहे’ असं लोक वर्षानुवर्षं वर्तमानकाळात सांगतात. काकू मात्र दर महिन्याला जात होत्या. ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात एकदाच होतो तो बाप्तिस्मा, आणि त्यानंही कुणी फादरांचा शिष्य होत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ‘कृपेनेच तुमचे तारण झालेले आहे’ असं येतं. ती कृपा देवाची. फादरांच्या हातून संस्कार मिळतो, पण कृपा त्यांच्या पदरची नसते. काकू हसल्या असणार त्या यालाच.

‘गुरू’ची तर वेगळीच गंमत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात 23 व्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आहे. लगेच पुढे सांगतो, पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका. शब्दशः धरलं तर ‘गुरू’ही गेला आणि ‘फादर’ही! पण भाषा कुणाचं ऐकते? कॅथलिक मराठीत ‘धर्मगुरू’ चांगला रुळलेला, छापला जाणारा शब्द आहे. लेखात तो खुशाल वापरा, फक्त त्याला ‘करू’ नका. ‘पाद्री’ हा पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला, अर्थ पुन्हा बापच. आज तो ऐकायला जरा हिणवल्यासारखा वाटतो, मी टाळतो. प्रॉटेस्टंटांत ‘पाळक’ किंवा ‘पास्टर’, दोन्हींत मेंढपाळ दडलेला. तिथं चर्चच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात, आणि बायबलात ही मंडळी ख्रिस्ताची वधू. ‘आमची मंडळी’ म्हणून बायकोची ओळख करून देणाऱ्या जुन्या मराठी माणसाला हे रूपक फोड करून सांगायला नको.

‘पापनिवेदन’ असंही लिहू नका. ते म्हणजे ‘कन्फेशन’, आणि तो वेगळा संस्कार आहे. तो फक्त धर्मगुरूच देऊ शकतो आणि त्यात कानावर पडलेलं तो कुणालाही सांगू शकत नाही. मनातलं बोलून वाट विचारायची तर ती एखाद्या सिस्टरला (म्हणजे जोगिणीला) किंवा जाणत्या प्रापंचिक माणसालाही विचारता येते.

राहिला ‘आध्यात्मिक मार्गदर्शन’. अर्थानं बरोबर, पण दहावीनंतरच्या करिअर शिबिराचा वास त्याला चिकटलाय. जेझुइट हा कॅथलिक धर्मसंघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाच्या साधना-पुस्तिकेत (तिला पोपची मान्यता मिळाली 1548 मध्ये) वाट दाखवणाऱ्या माणसाला साधं ‘साधना देणारा’ म्हटलंय आणि दुसऱ्याला ‘साधना घेणारा’. देणाऱ्यानं तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, कुठल्या बाजूला झुकू नये, देवाला आणि त्या माणसाला आपसांत बोलू द्यावं, अशी ताकीदही आहे. आपल्या ‘गुरू’शब्दात हे अंग चोरून बसणं मावत नाही.

बोलताना लोक इतकं जड काही म्हणतच नाहीत. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चबाहेर रविवारी मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) सुटल्यावर मी हे ऐकलंय. गर्दी पांगेपर्यंत एक बाई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत थांबल्या होत्या. मग पुढे होऊन म्हणाल्या, ‘फादर, जरा बोलायचं होतं.’ बस्स. पास्टरांकडे जाणारे म्हणतील, ‘प्रार्थना करून घेतली.’

तेव्हा ताई, शीर्षकात नाम हवंच असेल तर ‘आध्यात्मिक मार्गदर्शन’ ठेवा. मजकुरात मात्र तुम्ही मला लिहिलंय तेच वाक्य टाका: ‘काका गेल्यावर काकू दर महिन्याला फादरांशी बोलायला जात.’ ते काकू खोडणार नाहीत.