मोठ्या आजारपणानंतर पीएचडी करायची इच्छाच उरली नाही, परत सुरुवात कशी करू?

वर्षभर आजारी होतात आणि आता थीसिसची फाईल उघडायचीही भीती वाटते म्हणताय, तर आधी स्वतःला आळशी म्हणणं बंद करा. रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही थकवा, लक्ष न लागणं हे कित्येक महिने राहू शकतं, खरंच.

आणि मूड आला की बसेन असं म्हणत थांबू नका, बहुतेक वेळा उलटं होतं, थोडं काम झालं की मग इच्छा येते, डिप्रेशनच्या उपचारात सुद्धा बिहेवियरल ॲक्टिवेशन म्हणून हेच वापरतात. रोज २०-२५ मिनिटं, तेही डोकं फार न लागणारं काम, म्हणजे रेफरन्स नीट लावणं, जुन्या ग्राफची लेबलं सुधारणं, स्वतःच्याच नोट्स वाचणं. नवीन चॅप्टर लगेच घेऊ नका प्लीज! मधल्या काळातले सगळे पेपर वाचायचीही गरज नाही, एखादा ताजा रिव्ह्यू पेपर पुरे.

गाईडशी मात्र याच आठवड्यात बोला, मेडिकल सर्टिफिकेटवर मुदतवाढ बऱ्याच युनिव्हर्सिटीत मिळते, आणि डेडलाईनचं ओझं उतरलं की अर्धी भीती तिथेच जाते. आवडत्या गोष्टींतही दोनेक आठवडे रस वाटत नसेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, त्यावर उपचार आहेत.