टेकऑफ होताच छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं, तर पायलट मागे वळून धावपट्टीवर का उतरत नाही?

तेवढी उंचीच नसते म्हणून. चढताना नाक वर आणि वेग कमी असतो. इंजिन थांबलं की तोही झपाट्याने घटतो. आधी नाक खाली करून वेग राखायचा, मग समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरायचं. घाईत तीव्र वळण घेतलं तर विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांना हवेचा आधार सुटून, कोसळतं, आणि इतक्या खालून सावरायला वावच नसतो. विमान मोडलं तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे.

अभिनेते हॅरिसन फोर्ड यांचं जुनं रायन विमान ५ मार्च २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून उडताच असंच बंद पडलं. धावपट्टी गाठता येणार नाही हे ओळखून त्यांनी ते जवळच्या गोल्फ मैदानावर उतरवलं. जबर जखमी झाले, पण वाचले. चौकशीत कार्ब्युरेटरचा (इंजिनासाठी इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) मुख्य जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा, सैल झालेला आढळला.