‘दहा नावे सांगा’ या प्रश्नाचे लांबलेले उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : निरनिराळ्या शैलींतील आणि काळांतील थोर गायिकांचे नावाजलेले अल्बम ऐकायचे आहेत, इंटरनेटवरच्या अनेक याद्या वाचून झाल्या, परंतु त्यांत तीच ती इंग्रजी नावे फिरून येतात आणि आपल्याकडच्या गायिका क्वचितच दिसतात, तेव्हा कोल्हापुरात, अभंग आणि भावगीते ऐकत वाढलेल्या माणसाने सुरुवात कोठून करावी? तुम्ही दहा नावे मागितली आहेत. मी मोजून दहा देणार नाही, कारण क्रमांक लावण्यापेक्षा ऐकण्याची एक कसोटी हाताशी असलेली बरी, असे माझे चाळीस वर्षांच्या श्रवणानंतरचे मत आहे.

ती कसोटी वेळेची आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत असत. अशा अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधणीत ठेवून विकत, म्हणून त्या संचाला ‘अल्बम’ हे नाव पडले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँगप्ले रेकॉर्ड बाजारात आणली आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळू लागली. त्यामुळे कोणताही अल्बम ऐकताना मी एवढेच पाहतो, की या गायिकेला किती वेळ मिळाला होता, तिने त्याचे काय केले आणि गाण्यांचा क्रम बदलला असता तर काही बिघडले असते का. क्रम बदलूनही काही बिघडत नसेल, तर तो चांगल्या गाण्यांचा संग्रह असेल, पण तुम्ही शोधत आहात तो अल्बम नव्हे.

या कसोटीला पहिला अपवाद आपल्याच गावाच्या ऋणातला आहे, म्हणून तो आधी सांगतो. गौहर जान यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असे इंग्रजीत पुकारले, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तेथील कारागिरांना आवाजावरून गायिका ओळखता येणे शक्य नव्हते. त्या तीन मिनिटांत ख्याल बसवण्याची कला पुढे ज्यांच्याकडे पराकोटीला गेली, त्या केसरबाई केरकर. त्या लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढे त्यांना घडवले ते जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांनी, जे शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर दरबारी होते. व्हॉयेजर अंतराळयानावरच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे, ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. मात्र ती सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांच्या बाकीच्या तबकड्या ऐकलेल्या असतात. त्या तबकड्यांचे पुढे निघालेले कोणतेही संकलन घ्या. त्यांनी तो अल्बम म्हणून रचलेला नाही, हे मान्य. परंतु तीन मिनिटांत अस्ताई, अंतरा, आलाप आणि श्वास न तुटता जाणारी आकाराची तान कशी मांडली आहे, हे एकदा कानात बसले, की पुढच्या सर्व गोष्टी मोजायला एक माप मिळते.

याच परंपरेत, केसरबाईंच्या गुरुभगिनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्या भूप आणि बागेश्रीच्या लाँगप्लेकडे त्यानंतर या. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीची ही रेकॉर्ड माझ्या यादीत कायम पहिली राहील. भूपात पाचच स्वर : सा, रे, ग, प, ध. शिकाऊ विद्यार्थ्याला हा राग आरंभी देतात तो त्यामुळेच, आणि त्यात नवे काही सांगणे अवघड असते तेही त्यामुळेच. ‘प्रथम सुर साधे’ या विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात किशोरीताई गंधारावर (ग) ज्या तऱ्हेने येतात, थांबतात, पुन्हा मागे जातात, त्यात घराण्याची लयीची शिस्त आहे. परंतु स्वराभोवती रेंगाळण्याची जी मुभा त्यांनी घेतली आहे, ती जुन्या जयपूर गायकीत सहसा मिळत नसे. त्यावरून जुन्या मंडळींनी नाके मुरडली. मग द्रुतातील, म्हणजे जलद लयीतील, ‘सहेला रे’ येते, आणि तोपर्यंत धरून ठेवलेले सगळे मोकळे होते. हे मोकळे होणे आधीच्या संथपणाशिवाय शक्य नाही. म्हणून मोबाइलवर नुसते ‘सहेला रे’ शोधून ऐकणाऱ्यांविषयी मला थोडी हळहळ वाटते.

येथे एक कबुली द्यायला हवी. ही रेकॉर्ड मी प्रथम ऐकली ती महाद्वार रोडच्या बाजूला एका दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटवर. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू तीस मिनिटांची; रेकॉर्डची बाजू त्याहून लहान. उरलेली टेप वाया कशाला घालवायची, अशा सद्‌हेतूने दुकानदाराने शेवटी दोन लावण्या भरून दिल्या होत्या. त्यामुळे आजही भूप संपून तंबोऱ्याचा नाद विरतो न विरतो तोच माझ्या कानांना ढोलकीची थाप अपेक्षित असते.

किशोरीताईंनंतर प्रभा अत्रे यांची मारू बिहाग आणि कलावतीची रेकॉर्ड जरूर ऐका. ‘जागू मैं सारी रैना’ आणि ‘तन मन धन’ या दोन्ही बंदिशी त्यांच्या स्वतःच्या आहेत, आणि किराणा घराण्याच्या या गायिकेने सरगमला, म्हणजे स्वरांची नावे घेत गाण्याला, जे मानाचे स्थान दिले, ते येथे स्वच्छ दिसते.

आता पाश्चात्य याद्यांतील नावांकडे वळू. एला फिट्झजेराल्ड आणि बिली हॉलिडे या दोघी अमेरिकन जॅझ गायिकांना याद्या शेजारी बसवतात, पण ऐकण्यासाठी त्यांच्यामध्ये काही दिवसांचे अंतर ठेवा. एलाचे कोल पोर्टरच्या गीतांचे साँगबुक १९५६ चे. निर्माते नॉर्मन ग्रँझ यांनी व्हर्व्ह ही रेकॉर्ड कंपनी नव्याने काढली होती, आणि या दुहेरी संचात ३२ गाणी होती. पुढे १९६४ पर्यंत निरनिराळ्या गीतकार-संगीतकारांवर असे एकूण आठ संच झाले. एलाचा उच्चार इतका निर्मळ, की इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही शब्द कळतात. रचनाकाराला पुढे करून गायिकेने स्वतः मागे उभे राहण्याची ही रीत भावगीत ऐकत वाढलेल्या आपल्याला परकी वाटत नाही. मात्र ३२ गाणी एका बैठकीत ऐकू नयेत. गोड पदार्थ जास्त झाल्यासारखे होते.

बिली हॉलिडेच्या ‘लेडी इन सॅटिन’ची गोष्ट वेगळी आहे. हा अल्बम १९५८ चा. पुढच्याच वर्षी, जुलै १९५९ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी ती गेली. आवाज पार झिजलेला, पल्ला आखूड झालेला, आणि भोवती रे एलिस यांनी रचलेला व्हायोलिनांचा मऊ वाद्यमेळ. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एलिस स्वतः तिच्या गाण्यावर नाखूश होते; नंतर शांतपणे ऐकल्यावर त्यांचे मत बदलले. अनेक जाणकारांना हा अल्बम अजूनही ऐकवत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला कळते. परंतु आपल्याकडे वृद्ध गवयांच्या बैठकीला बसलेला श्रोता ‘गळा गेला, गाणे राहिले’ असे म्हणतो, तेव्हा तो जे ऐकत असतो, तेच येथे आहे. तरुणपणीची बिली आधी ऐकून मग येथे यावे, म्हणजे काय गेले आणि काय राहिले याचा हिशेब लागतो.

अरिथा फ्रँकलिनचा कोणता अल्बम घ्यावा, यावर याद्यांमध्ये मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी १९६७ चा ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ वर असतो. माझी निवड ‘अमेझिंग ग्रेस’. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये, लागोपाठ दोन रात्री, भक्तिगीतांचे गायक जेम्स क्लीव्हलंड आणि त्यांच्या गायकवृंदासह, समोर बसलेल्या भाविकांच्या साक्षीने हे मुद्रण झाले. तोवर ती सोल संगीताची सम्राज्ञी म्हणून जगभर मान्यता पावली होती, आणि लहानपणी वडिलांच्या चर्चमध्ये गायलेल्या भजनांकडे ती परत येत होती. शीर्षकगीत दहा मिनिटांहून अधिक चालते. एकेक शब्द ती ओढते, वळवते, श्रोत्यांतून हाक येते, ती हाकेला ओ देते. भजनी मंडळात टाळकरी गायकाची ओळ उचलतात आणि गायक त्यांच्या उचलण्यावर पुढची जागा घेतो, हे ज्याने पंढरीच्या वाटेवर किंवा गल्लीतल्या सप्ताहात पाहिले आहे, त्याला या अल्बमची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. पुढे १९९९ मध्ये दोन्ही रात्रींचे संपूर्ण मुद्रण निघाले. पण आधी मूळ दुहेरी अल्बमच ऐका, कारण निवड आणि क्रम त्यात आहे.

भक्तीचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडचे ‘अभंग तुकयाचे’ राहून कसे चालेल? श्रीनिवास खळे यांचे संगीत, लता मंगेशकरांचा आवाज आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच कवी. वडिलांच्या निधनानंतर मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत काम करताना लताबाई काही काळ कोल्हापुरात राहिल्या होत्या, एवढ्यावर आपण त्यांच्यावर हक्क सांगतो, ते सोडा. मुद्दा असा, की तीन-चार मिनिटांच्या चित्रपटगीतात हयात घालवलेल्या गायिकेला येथे एका संतकवीच्या मनाच्या निरनिराळ्या अवस्थांतून जाण्याची संधी मिळाली. खळ्यांच्या चाली वरवर साध्या वाटतात. गुणगुणायला गेलात, की दुसऱ्या ओळीत पाय घसरतो. याला जोड म्हणून पोर्तुगालच्या, फादो या तेथील गानप्रकारातील गायिका अमालिया रॉद्रिगिश यांचा १९७० चा ‘कों के व्होज’ ऐका. अलाँ उल्माँ या संगीतकाराने पोर्तुगीज कवींच्या कवितांना चाली दिल्या, आणि शीर्षकगीत तर सोळाव्या शतकातील कामोंइश या महाकवीचे आहे. त्याआधी १९६५ मध्ये अमालियांनी कामोंइश गायला, तेव्हा एवढा थोर कवी फादो गाणाऱ्या बाईच्या तोंडी शोभतो का, यावर तेथे वाद झाला होता. वाद ओळखीचा वाटतो.

वेळेच्या कसोटीवर सगळ्यांत उद्धट म्हणावी अशी गायिका इजिप्तची उम्म कुलथुम. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल कैरो रेडिओवरून प्रसारित होई आणि अरब जगत त्या रात्री रेडिओपाशी बसे. मोहम्मद अब्देल वहाब यांनी तिच्यासाठी १९६४ मध्ये प्रथमच रचलेले ‘इन्ता उमरी’ हे एकच गाणे तासभर चालत असे, कारण श्रोते ओळ परत मागत आणि ती प्रत्येक वेळी ओळ बदलून देत असे. संगीत नाटकांतल्या ‘वन्स मोअर’वर पोसलेल्या, केशवराव भोसल्यांच्या गावच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. स्टुडिओतली छोटी आवृत्ती टाळा. श्रोत्यांचा आवाज असलेलीच घ्या.

१९७१ हे वर्ष गीतलेखक गायिकांचे. कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ फेब्रुवारीत आणि जोनी मिचेलचा ‘ब्लू’ जूनमध्ये आला, दोन्ही हॉलिवूडच्या एकाच स्टुडिओत घडले, आणि जेम्स टेलर दोन्हींवर गिटार वाजवतो. ‘टॅपेस्ट्री’ १५ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तो प्रेमळ आहे, शेजारीण चहा घेऊन आल्यासारखा. ‘ब्लू’ मात्र अंगावर येतो. दहा गाणी, छत्तीसएक मिनिटे, मोजकी वाद्ये आणि स्वतःविषयी काहीही न लपवणारे शब्द. येथे शब्द समजल्यावाचून निम्मे हाती लागते, म्हणून गीते समोर ठेवून ऐका. केट बुशचा १९८५ चा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ रेकॉर्डच्या दोन बाजूंचा अर्थ दाखवण्यासाठी मी मुद्दाम सुचवतो : पहिल्या बाजूला सुटी गाणी, दुसऱ्या बाजूला रात्री समुद्रात एकट्या तरंगणाऱ्या व्यक्तीची सलग कथा. निर्मितीही तिचीच.

त्यानंतरच्या काळातील नावे तुम्हाला माहीत असणारच. केप व्हर्देच्या सेझारिया एव्होराचा ‘मिस परफ्युमादो’ (१९९२), लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम, ज्याने हिप-हॉपला पहिल्यांदा सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळवून दिले, आणि एमी वाइनहाउसचा ‘बॅक टू ब्लॅक’ (२००६). यांपैकी एव्होराकडे मी पुन्हा पुन्हा जातो. बाकी दोन्ही उत्तम आहेत, पण त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा तुमच्या वयाची मंडळी अधिक नीट सांगतील.

आणखी एक नाव, जे तुमच्या कोणत्याही यादीत नसेल. आशा भोसले यांनी साठी ओलांडल्यावर, हजारो गाणी गाऊन झाल्यावर, उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासमोर बसून जुन्या बंदिशी शिकून घेतल्या आणि त्यांच्याबरोबर ‘लेगसी’ हा अल्बम केला. तो १९९६ मध्ये निघाला आणि त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. ख्यालगायिकेची खोली येथे शोधू नका. सरोदने दाखवलेली जागा गळ्यातून जशीच्या तशी काढताना त्यांच्या आवाजात जी शिष्येची सावधगिरी येते, ती त्यांच्या इतर कोणत्याही गाण्यात मला ऐकू आलेली नाही.

एक व्यावहारिक सूचना. मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये क्रम आपोआप विस्कटण्याची सोय आधी बंद करा, आणि अल्बमच्या शेवटी नंतर जोडलेल्या जादा गाण्यांपूर्वी थांबा. ‘ब्लू’ दहाव्या गाण्याला संपतो. भूप ‘सहेला रे’नंतर संपतो, तुमच्या नशिबी लावण्या नाहीत.