वाणिज्य पदवीनंतर संगीत की जनसंचार?

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली, गायनात विशारद आहे. आम्ही ग्वाल्हेरचे. आता एम.ए. संगीतात करावं की जनसंचारात?

उत्तर : जनसंचाराला कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे ते दार उघडंच आहे. अडतं ते संगीतात. बी.कॉम.वाल्यांना विशारदच्या जोरावर प्रवेश द्यायचा की नाही, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे. शुल्क भरण्याआधी पात्रतेची अट लेखी घ्या, तोंडी 'चालेल' वर जाऊ नका.

गावातच राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ (२००८) असताना आधी तिथंच विचारावं. बाहेर पाठवणार असाल तर खैरागढ आणि वडोदरा.

प्रवेशाच्या प्रात्यक्षिकात मुलं बंदिश (रागातली बांधलेली रचना) पाठ करून जातात आणि आलापाला अडखळतात. एकच राग घ्या, पण विलंबित (संथ लयीतला) ख्याल वीस मिनिटं खुलवता आला पाहिजे. हातावर ठेका, दुगुन (दुप्पट लय) यायलाच हवी.

लेखी परीक्षेत घोटाळा होतो तो स्वरलिपीचा, म्हणजे स्वर लिहिण्याच्या पद्धतीचा. पलुसकर पद्धतीत स्वरावरचा बिंदू मंद्र (खालचं) सप्तक दाखवतो, भातखंडे पद्धतीत तार (वरचं)! पलुसकर परंपरेतल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांनी हे आधी घोटून घ्यावं.

आणि 'की' कशाला? २०२२ पासून यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) एका वेळी दोन पदव्यांना परवानगी देते. संगीत वर्गात बसून, जनसंचार इग्नूतून दूरस्थ, असं जमतं. पुढे नेटसाठी (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेसाठी) एम.ए.ला ५५ टक्के लागतात (राखीव गटांना ५०), तेव्हा दोन्हीकडे जेमतेम गुण पडणार असतील तर एकच करा.